‘कळवलं’ अशी खूण

तात्यांच्या हातून कागद हरवत नाही, असं त्या भागात सगळे म्हणायचे. माणूस हरवेल, पण कागद नाही. लग्न होऊन दूर गेलेल्या मुली तीस वर्षांनी येऊन विचारायच्या, “तात्या, मला लहानपणी कावीळ झाली होती ना, ती कुठल्या साली?” तात्या चष्मा कपाळावर सरकवायचे, मागच्या खोलीत जायचे आणि तोंडातली सुपारी संपायच्या आत कागद घेऊन बाहेर यायचे.

दवाखाना तीन खोल्यांचा होता. पुढे बसायची बाकं आणि तात्यांचं टेबल, मध्ये डॉक्टरांची खोली आणि मागे एक लांबट, बिनखिडकीची खोली. तिथे जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी मांडण्या आणि त्यांत केसपेपर. पेशंट आला की तात्या नाव विचारत नसत. “कोणाच्या घरातले?” असं विचारत, कारण कागद घराप्रमाणे लावलेले होते. ही शिस्त म्हाताऱ्या डॉक्टरांची. त्यांची आणखी एक शिस्त होती. एखाद्याला पुन्हा तपासायचं असेल, तर ते केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने ठिपका द्यायचे. तात्यांनी दर शनिवारी दुपारी आठवड्यातले ठिपकेवाले कागद काढायचे, एकेकाला फोन करायचा, काय आढळलं आणि कधी यायचं ते सांगायचं, आणि एका लांब वहीत त्याच्या नावापुढे ‘कळवलं’ या रकान्यात बरोबरची खूण करायची. खूण झाली म्हणजे माणसाला कळलं. खूण नाही तोवर तात्यांची सुटका नाही.

म्हातारे डॉक्टर जाऊन दोन वर्षं झाली होती. आता त्यांची मुलगी दवाखाना चालवत होती. तिला सगळे ‘धाकट्या डॉक्टर’ म्हणत. तिने कॉम्प्युटर आणला होता, पण तो टेबलावर एखाद्या पाहुण्यासारखा बसून असायचा. “कॉम्प्युटर बंद पडला की माणूस बोलावता येतो,” ती हसून म्हणायची, “तात्या बंद पडले तर कोणाला बोलावू?”

तात्या अठ्ठावन्नचे झाले होते. घरी बायको, एक लेक, तिचं लग्न झालेलं. सुपारी सोडली तर त्यांना कसलं व्यसन नाही, कोणाशी वाकडं नाही. दवाखान्यातल्या एकतीस वर्षांत माणसाला एकच गोष्ट मिळते, लोकांचा विश्वास. तो त्यांच्याकडे भरपूर होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना थोडा गर्वही होता.

त्या मंगळवारी सकाळी ते कुलूप काढत होते, तेव्हा पायरीवर चष्मेवाल्या वहिनींचा भाऊ बसलेला दिसला. चाळिशीचा, पोट सुटलेला माणूस, पण तोंड असं झालेलं की शाळेत नापास होऊन आलेला मुलगा बरा.

“तात्या, भाऊजींना तिकडे झटका आलाय. मेंदूत रक्त गेलंय.”

तात्यांच्या हातातलं कुलूप हातातच राहिलं.

चष्मेवाले म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. मागच्या बाजूला काच घासायचं चाक, पुढे काउंटरवर वहिनी. अठ्ठावीस वर्षांत त्या दोघांनी दुकान एका दिवसापेक्षा जास्त बंद ठेवलं नव्हतं. मूलबाळ नाही. या वर्षी एकदाचं ठरवलं आणि एका टूरबरोबर पंधरा दिवसांसाठी परदेशी गेले. जायच्या आधी तात्यांना फुकट नवी फ्रेम बसवून दिली होती. “नव्या डोळ्यांनी वाट बघा आमची,” असं म्हणून स्वतःच मोठ्याने हसले होते. सहाव्या दिवशी, समुद्राकाठच्या एका लहानशा गावात, हॉटेलच्या जिन्यावर कोसळले.

वहिनींचा भाऊ भराभर सांगत होता. त्या गावातल्या इस्पितळात डोक्याचं ऑपरेशन करणारा डॉक्टर नाही. मोठ्या शहरातल्या इस्पितळात न्यायचं, तेही हेलिकॉप्टरने. ते इस्पितळ जागा द्यायला तयार आहे, पण विमा कंपनीचं हमीपत्र आल्याशिवाय दारात घेणार नाही. आणि कंपनी म्हणते, थांबा.

“थांबा का म्हणून? त्यांनी प्रवासाचा विमा काढला होता ना?”

“काढला होता हो! पण तिकडच्या डॉक्टरने कागदावर लिहिलंय, ‘जुना रक्तदाब असावा’, आणि पुढे प्रश्नचिन्ह. त्या एका प्रश्नचिन्हाने घात केला. विम्याच्या फॉर्मवर प्रश्न असतो, तुम्हाला रक्तदाब वगैरे असल्याचं कधी सांगण्यात आलं होतं का? भाऊजींनी ‘नाही’ लिहिलं. आता त्यांचं म्हणणं, आधी माहीत असून लपवलं असेल तर आमची जबाबदारी नाही. ताईने नेहमीचे डॉक्टर म्हणून तुमच्या दवाखान्याचं नाव दिलंय. चौकशीला बाई येतायत. आज. आत्ता.”

तो उठून तात्यांच्या अगदी जवळ आला.

“तात्या, काही असलं तर... तुम्ही समजून घ्या.”

तात्या समजले. “अरे, असणारच नाही काही,” ते म्हणाले. “तुझे भाऊजी दवाखान्याची पायरी चढतात कधी? थांब, बघून येतो.”

मागच्या खोलीत दिवा लावून त्यांनी कोपऱ्यावरच्या घरांचा गठ्ठा काढला. वहिनींचा कागद जाड होता, खोकला, कंबर, डोकेदुखी. चष्मेवाल्यांचा एकपानी. तीन वर्षांपूर्वीची नोंद. चाकात बोट सापडलं, जखम उथळ, टाके नाहीत. त्याखाली म्हाताऱ्या डॉक्टरांचं टोकदार अक्षर: ‘बीपी १७४/१०६. दोनदा मोजले. दुखण्यामुळे असू शकेल, म्हणून आज रुग्णास सांगितले नाही. फोनवर सांगून आठ दिवसांनी पुन्हा मोजावे.’

कोपऱ्यात लाल ठिपका.

वहिनींचा भाऊ त्यांच्या खांद्यावरून वाचत होता. “फाडा,” तो म्हणाला.

“काय बोलतोस?”

“फाडा तात्या. पाया पडतो. एक पान आहे. इतक्या ढिगात एक पान नाही सापडलं तर कोण फाशी देणार आहे तुम्हाला? तिकडे माझी बहीण एकटी आहे. टूरची बस काल सकाळीच निघून गेली पुढच्या गावाला. तिला भाषा येत नाही. नर्स मोबाइलवर भाषांतर करून दाखवते, काल त्यात आलं, ‘तुमच्या नवऱ्याचं डोकं धुवायचं आहे.’ ती साबण आणायला निघाली होती हो, साबण!”

त्याला रडू कोसळलं. तात्यांनी एक हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हातात तो कागद तसाच धरून राहिले. खोटं कशाला सांगायचं, त्यांच्याही मनात आलं, फाडावा. पण कागदावर लिहिलं होतं, ‘रुग्णास सांगितले नाही.’ हे तर चष्मेवाल्यांच्या बाजूचं होतं! सांगितलंच नाही, तर त्यांना कळणार कसं? ‘नाही’ लिहिलं ते बरोबरच लिहिलं.

“अरे वेड्या, हा कागद तर आपल्याच बाजूचा आहे,” ते म्हणाले, आणि तो त्याला नीट वाचून दाखवला. तो डोळे पुसत ऐकत होता.

“मग नंतर सांगितलं का?” त्याने विचारलं.

तात्यांनी वही काढली. तीन वर्षांपूर्वीचा तो शनिवार. नऊ नावं. पाचवं नाव चष्मेवाल्यांचं, आणि त्यापुढे ‘कळवलं’च्या रकान्यात बरोबरची ठसठशीत खूण. तात्यांच्या हातची.

वहिनींच्या भावाचा चेहरा उतरत गेला. “म्हणजे भाऊजींना माहीत होतं,” तो हळू म्हणाला. “माहीत होतं आणि खोटं लिहिलं. ताईलासुद्धा सांगितलं नाही.”

तात्यांनी वही मिटली.

सांगण्यासारखं होतं. तो शनिवार त्यांना चांगला आठवत होता. मॅचचा शेवटचा दिवस होता. दुपारी अडीचला त्यांनी वही उघडली, पहिला फोन लावला, तो लागला नाही. पलीकडच्या दुकानातून लोकांचा ओरडा ऐकू आला. कोणीतरी बाद झालं होतं. सोमवारी करू सगळ्यांना, असं म्हणून त्यांनी नऊच्या नऊ खुणा करून टाकल्या, कारण म्हातारे डॉक्टर संध्याकाळी वही बघत. सोमवारी आणखी पेशंट, मंगळवारी आणखी. सोमवार कधी उजाडलाच नाही. इतकी साधी गोष्ट. ती सांगायला तोंड उघडायचं, एवढंच काम होतं, पण एकतीस वर्षांची जीभ टाळ्याला चिकटून बसली.

साडेनऊला चौकशीच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, एका गुडघ्यावर पट्टा बांधलेला, खांद्याला कापडी पिशवी. आवाज मऊ होता. त्यांनी केसपेपर वाचला, फोटो काढला. “वही असते का, पुन्हा बोलावल्याची?” त्यांनी विचारलं. त्यांना दवाखान्यांची सवय असणार. वहिनींचा भाऊ खाली बघत होता. तात्यांनी वही पुढे केली. त्या पाचव्या ओळीवर बोट ठेवून थांबल्या.

“ही खूण कोणाची?”

“माझी.”

“म्हणजे यांना कळवलं होतं.”

तात्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नुसतीच, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. बाईंनी त्या पानाचाही फोटो काढला.

“मला वाईट वाटतं,” त्या म्हणाल्या. “हे दुपारपर्यंत वरती जाईल. निर्णय माझा नसतो.” पट्टा घट्ट करून त्या उठल्या आणि लंगडत बाहेर पडल्या.

त्या गेल्या आणि वहिनींच्या भावाचा फोन वाजला. “ताई, तात्यांशीच बोल,” म्हणून त्याने तो तात्यांच्या हातात दिला. तिकडे पहाट असावी. लांबलचक रिकाम्या जागेत आवाज घुमावा तसा वहिनींचा आवाज येत होता, मागे कसलंतरी यंत्र टिकटिकत होतं.

“तात्या, आहात ना? बरं झालं. मला एकच सांगा. ह्यांना बीपी होतं का आधीपासून?”

“वहिनी...”

“कंपनीची माणसं सारखी तेच विचारतायत. मी म्हटलं, नाही हो, मला माहीत नसतं का? एका ताटात जेवतो आम्ही. पण आता मलाच कळेनासं झालंय. मला न सांगता गोळ्या घेत होते का? दुकानात मागच्या कपाटाला ते कुलूप लावायचे, मला वाटायचं काचा असतील.” त्या थांबल्या. “इथे ते पडलेत, तोंडात नळी, आणि मी त्यांच्यावर चिडून बसलेय, तात्या. मरायला टेकलेल्या माणसावर. तुम्ही खोटं सांगणार नाही. होतं का त्यांना माहीत?”

 फोन वहिनींच्या भावाच्या हातात कोंबून ते तसेच चपला फटफटवत रस्त्यावर धावत सुटले. वय आणि वजन पाहता त्यांनी धावायला नको होतं. बसथांब्यावर बाई बाकावर बसून गुडघा चोळत होत्या.

“मॅडम, थांबा. ती खूण खोटी आहे.”

“कुठली?”

“वहीतली. मी फोन केलाच नव्हता. त्यांना कोणीच सांगितलं नाही.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, कंटाळा होता.

“काका, मी बावीस वर्षं हे काम करते. मी निघाले की दर तिसऱ्या घरातून कोणीतरी असंच धावत येतं. एकाने तर सांगितलं होतं, दवाखान्यात दाखवायला गेलेला तो पेशंट नव्हताच, त्याचा जुळा भाऊ होता. जुळा भाऊ नव्हताच त्याला.” त्या उसासल्या. “तुम्ही चांगले आहात, शेजाऱ्यासाठी जीव तुटतोय तुमचा. पण अर्ध्या तासापूर्वी का नाही बोललात?”

“लाज वाटली.”

“आणि आता नाही वाटत?”

“आता जास्त वाटतेय,” तात्या म्हणाले. त्यांना धाप लागली होती. “मॅडम, त्या एकाच नावाचं नाही. त्या दिवशी नऊच्या नऊ खोट्या केल्या. तुम्ही पान बघा. बाकीच्या शनिवारी मी लिहिलेलं असतं, फोन उचलत नाही, सुनेला सांगितलं, पुन्हा करणे. त्या पानावर नुसत्या खुणा आहेत. एका झटक्यात. मला मॅच बघायची होती.”

बस आली. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या. मग कंडक्टरला हाताने ‘जा’ अशी खूण करून मागे वळल्या.

“चला,” त्या म्हणाल्या. “उरलेल्या आठ जणांना फोन करायचे. मी करणार, तुम्ही तोंड उघडायचं नाही.”

दवाखान्यात तोवर धाकट्या डॉक्टर आल्या होत्या. बाकांवर चारपाच पेशंट होते. तात्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्या वाक्यांच्या मध्येच डॉक्टरांनी हातातली पर्स टेबलावर ठेवली आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, की तात्यांना वाटलं, यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी पेशंटना बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

बाईंनी फोन टेबलावर ठेवला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

पहिली लॉन्ड्रीवाली बाई. “दवाखान्यातून? नाही हो, मला कधीच कोणाचा फोन नाही आला. का, काय निघालंय मला?” धाकट्या डॉक्टरांनी पुढे वाकून तिला संध्याकाळी यायला सांगितलं.

दुसरा नंबर अस्तित्वातच नव्हता. तिसरी एक शाळेतली बाई. “हो, सांगितलं होतं की तात्यांनी. भाजी घेताना भेटले होते. शुगर जास्त आहे म्हणाले.”

वहिनींच्या भावाने डोळे मिटून घेतले. बाईंनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे रस्त्यात भेटून सांगत होतात. मग चष्मेवालेही कोपऱ्यावरच राहतात.”

“त्या भेटल्या म्हणून आठवलं,” तात्या म्हणाले. “त्यांना नाही सांगितलं. त्यांच्या दुकानात मी त्यानंतर कितीदा गेलो, गप्पा मारल्या, पण नाही सांगितलं. विसरलो होतो. खूण केली ना, की मीसुद्धा विसरतो.”

चौथा गाडी चालवायला शिकवणारा. त्याला काही ठाऊक नव्हतं, तो उलट विचारत बसला. पाचवं नाव चष्मेवाल्यांचं, ते सोडलं. सहावा नंबर एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा होता. फोन एका तरुण माणसाने उचलला.

“बाबांशी बोलायचंय? बाबा गेले. दोन वर्षं झाली. हार्ट. कोण बोलतंय?”

धाकट्या डॉक्टरांनी वही आपल्याकडे ओढून ते नाव पाहिलं.

“चुकून लागला,” बाई म्हणाल्या. “माफ करा.” आणि फोन बंद केला.

धाकट्या डॉक्टर मागच्या खोलीत गेल्या. त्यांना कागद सापडायला वेळ लागला. एरवी तात्या काढून देत. आज ते उठू शकले नाहीत. डॉक्टर परत आल्या आणि उभ्यानेच वाचलं. “जिना चढताना दम लागतो. छातीत जडपणा. ईसीजी लवकर करून घ्यावा, बोलवावे.” त्यांच्या वडिलांचं अक्षर होतं. वाचून झाल्यावर कागद त्यांनी उलटा ठेवला.

तात्या औषधांच्या खोक्यावर बसले होते. 

बाईंनी उरलेले फोन केले. दोघांना काही माहीत नव्हतं, एकाने उचलला नाही. मग त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला.

“लिहून द्यावं लागेल. तुमच्या हाताने. खूण खोटी होती, का केली, कोणाला कळवलं, कोणाला नाही, सगळं. आणि हे समजून लिहा काका, हा कागद माझ्या फाइलीत कायमचा राहील. त्या मुलाने उद्या विचारलं, तर त्यालाही दिसेल.” त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. “दवाखान्यालाही त्रास होऊ शकतो.”

“लिहू दे,” धाकट्या डॉक्टर म्हणाल्या.

तात्यांनी लिहिलं. एकतीस वर्षांत लाखभर नावं लिहिलेला हात, पण स्वतःचं नाव लिहिताना दोनदा खोडावं लागलं. मॅच हा शब्द लिहायचा की ‘वैयक्तिक कारण’, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, जे होतं ते लिहा. त्यांनी मॅच लिहिलं. डॉक्टरांनी खाली सही केली.

जाताना बाई एवढंच बोलल्या, “मी शिफारस करत नसते, कागद पाठवते. पण आज कागद लवकर पाठवेन.”

मग वाट बघणं सुरू झालं. ते कसं असतं, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक. पेशंट आले, गेले. तात्या कागद काढून देत होते आणि चुकीचे देत होते. वहिनींचा भाऊ बाकावर फोन दोन्ही हातांत धरून बसला होता, जणू गार झाला तर विझेल. बाराला कंपनीने सांगितलं, कागद मिळाले, विचार चालू आहे. दोनला सांगितलं, साहेब जेवायला गेलेत. अडीचला वहिनींचा फोन आला, की ह्यांच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झालीय, डॉक्टर धावाधाव करतायत, मला बाहेर काढलंय. भाऊ इकडून “ताई, ताई” एवढंच म्हणत राहिला. तात्या मागच्या खोलीत गेले, दिवा न लावता मांडणीला डोकं टेकून उभे राहिले. त्यांनी देवाजवळ काय मागितलं ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी हमीपत्र गेलं.

वहिनींचा भाऊ उठून तात्यांच्या गळ्यात पडला आणि दुसऱ्याच क्षणी, काहीतरी आठवल्यासारखा, बाजूला झाला. त्यालाही आता नीट कळलं होतं, की ही गाठ कोणी मारली होती.

संध्याकाळी सगळे गेल्यावर धाकट्या डॉक्टर वही घेऊन बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “तात्या, तुम्ही त्या बाईंना आधीच सांगितलं असतंत, तर एक तास वाचला असता.”

“हो.”

“तीन वर्षांपूर्वी फोन केला असतात तर...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. “बाबा म्हणायचे, तात्याची वही म्हणजे माझा उजवा हात. ते नाहीत हे बरं.”

त्यांनी तात्यांना काढून टाकलं नाही. पण ती वही त्या दिवशी आपल्या कपाटात ठेवली आणि पुन्हा कधी त्यांच्या हातात दिली नाही. घड्याळवाल्याच्या मुलाकडे मात्र त्या तात्यांना घेऊन स्वतः गेल्या. मुलाने सगळं ऐकून घेतलं. “बाबा ईसीजीला गेलेच नसते, हट्टी होते,” तो म्हणाला. दारापर्यंत पोचवायला आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. “पण मी नेलं असतं ओढत,” असं म्हणून त्याने दार लावून घेतलं.

चष्मेवाले जगले. ऑपरेशन झालं, पाच आठवड्यांनी चाकाच्या खुर्चीतून परत आले. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत टाकायचा, आणि शब्द सापडत नाहीत. चष्म्याला ‘खिडकी’ म्हणतात, बायकोला कधी ‘आई’ म्हणतात. काच घासायचं चाक विकलं. वहिनी आता तयार फ्रेमा विकतात.

ते परत आल्यावर चौथ्या दिवशी तात्या त्यांच्या घरी गेले. बायकोने म्हटलं होतं, मी येते बरोबर. तात्या म्हणाले, नको. दार वहिनींनी उघडलं. महिन्याभरात दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्या दारातच उभ्या राहिल्या, उंबऱ्याला पाय टेकवून. आतून चष्मेवाल्यांचा आवाज आला, “कोण, कोण, कोण,” एकच शब्द, खरडल्यासारखा.

“तात्या,” वहिनी म्हणाल्या, “तुम्ही त्या दिवशी खरं बोललात म्हणून हे परत आले. सगळे मला तेच सांगतात. मला मान्य आहे. त्या दिवसभर मी ह्यांच्यावर संशय घेत होते, तोही तुमच्यामुळे फिटला. तेही मान्य आहे.” त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा उघडले. “पण मी रोज सकाळी ह्यांच्या तोंडात घास घालते ना, तेव्हा मला तुमची मॅच आठवते. तुम्ही आत येऊ नका.”

“बरं,” तात्या म्हणाले. माफ करा म्हणायचं त्यांनी वाटेत घोकलं होतं. ते म्हणायचं राहून गेलं. उतरताना जिन्याच्या मधल्या पायरीवर ते बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. वरच्या मजल्यावरची एक मुलगी त्यांना ओलांडून गेली, पुन्हा वर आली, तरी ते तिथेच होते.

चष्मेवाल्यांचं बीपी आता महिन्यातून दोनदा मोजावं लागतं. धाकट्या डॉक्टर घरी जाऊन मोजतात. दर पंधरा दिवसांनी, पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमाराला दवाखान्याचा फोन वाजतो. तात्या उचलतात. पलीकडून वहिनी आपलं नाव सांगत नाहीत.

“डॉक्टर आहेत का?”

“आहेत. देतो,” तात्या म्हणतात, आणि फोन आतल्या खोलीत नेऊन देतात.